गृहस्थधर्म : आधी छिद्र, मग उपसा

नावेला छिद्र पडले तर नावाड्याने प्रथम काय करावे, हा दृष्टान्त जैन घरांतील मुलांना पाठशाळेतच भेटतो. छिद्रातून आत शिरणारे पाणी म्हणजे आस्रव, ते छिद्र बुजविणे म्हणजे संवर आणि आत साचलेले पाणी उपसून टाकणे म्हणजे निर्जरा. येथे क्रमाला महत्त्व आहे. छिद्र तसेच ठेवून जो रात्रभर पाणी उपसतो त्याचे श्रम होतात, पण त्याची नाव तरत नाही. पाठशाळेत हे उत्तर सर्वांना येते. संसारात मात्र डोक्यावरचे छप्पर गळू लागले की हाती प्रथम बादली येते, नंतर रंगाचा डबा येतो, आणि छिद्राचा शोध घ्यायचे सुचेपर्यंत दोन-तीन पावसाळे उलटून गेलेले असतात.

खराडीतील असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. मुळा-मुठेच्या काठचे आणि नगर रस्त्यालगतचे हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. पुढे येथे संगणक कंपन्यांची संकुले उभी राहिली आणि शेतांच्या जागी उंच इमारती आल्या. तरीही गावठाणात आणि आसपासच्या वस्त्यांत लहान बंगले, रो-हाउस आणि बैठी घरे पुष्कळ आहेत. अशा घरांत कुटुंब वाढते, सून येते, नातवंडे होतात, आणि वडीलधाऱ्यांना सामायिक-स्वाध्यायासाठी एक शांत खोली हवीशी वाटते. मग घराच्या मागच्या अंगाला एक वाढीव खोली निघते. तिच्या तीन बाजूंना विटांच्या भिंती असतात, चौथी बाजू मूळ घराची असते, आणि वर मूळ भिंतीला टेकवून बाहेर उतरता केलेला रंगीत पत्रा असतो. अशी ही खोली तीन मीटर खोल आणि पाच मीटर लांब आहे असे धरावे. नकाशा रीतसर मंजूर झालेला आहे, बांधकाम उन्हाळ्यात घाईने उरकले आहे, आणि पहिल्याच आषाढात, आईने आसन अंथरले त्याच कोपऱ्यात, पहिला थेंब पडला आहे.

पंधरा चौरस मीटरचे हे छप्पर दिसायला किरकोळ आहे. पण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक लिटर पाणी होते. म्हणजे पन्नास मिलिमीटर पावसाच्या एका दिवशी या छपरावरून साडेसातशे लिटर पाणी वाहते. पुण्याचा वार्षिक पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. तो हिशेब केला तर वर्षभरात या लहानशा छपरावर सुमारे दहा हजार लिटर पाणी पडते, म्हणजे हजार लिटरच्या दहा टाक्या. त्यातला शंभरावा हिस्सा आत शिरला तरी शंभर लिटर पाणी भिंतींत मुरते. छप्पर बांधताना या आकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नजर असते ती चौरस फुटाच्या दराकडे.

महाराष्ट्राच्या जुन्या घरांनी हे गणित फार पूर्वी सोडविले होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरी तर पाच हजारांहूनही अधिक. तेथे छपरे उभ्या उताराची आणि वळचणी लांब. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौले कोकण किनाऱ्यावर सर्वत्र पसरली, पण उतार मात्र जुन्या गवती छपरासारखाच उभा राहिला. उलट सोलापूर-मराठवाड्याकडे पाऊस कमी, म्हणून तेथे मातीची सपाट माळवदे चालली. ती टिकली याचे कारण एवढेच की पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हळी मोकळ्या ठेवल्या जात आणि पावसाळ्याआधी वर नवी माती घालून ती चोपली जाई. कोकणाने उताराने आपले रक्षण केले, तर देशावरच्या माळवदाने दरवर्षीच्या निगराणीने. आजच्या वाढीव खोलीला बहुधा दोन्ही नसते. उतार माळवदासारखा आणि अपेक्षा मात्र कौलासारखी, म्हणजे एकदा बांधले की पुन्हा वर पाहायला नको.

खराडीतील त्या घरातही पहिली तीन वर्षे उपसाच चालला. पहिल्या वर्षी पत्रा आणि भिंत यांच्या सांध्यात सिलिकॉन भरले गेले. स्वस्तातल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो; त्यातील आम्ल पत्र्यावरील जस्ताच्या थराला बाधते, हे कोणी सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी त्यावर डांबरी पट्टी चिकटविली. उन्हाळ्यात ती वितळून ओघळली. तिसऱ्या वर्षी गळती दिसू नये म्हणून आतून पीओपीचे छत करून घेतले. ते वर्ष सर्वांत वाईट गेले. पाणी पूर्वी सरळ खाली पडत असे. आता ते छताच्या आत साचू लागले आणि दिव्याच्या खोबणीतून उतरू लागले. एका रात्री घरातील विजेचा आरसीसीबी आपोआप पडला, म्हणून अनर्थ टळला. त्या यंत्राने घराला जे सांगितले ते ऐकायला हवे होते. गळत्या छताखालील दिव्याचे बटण प्रथम बंद करावे, आणि तारांची तपासणी होईपर्यंत ते उघडू नये.

याच काळात घरात दुसरीही एक गळती सुरू झाली होती. थोरला मुलगा म्हणे, ठेकेदार धाकट्याच्या ओळखीचा. धाकटा म्हणे, दर तर बाबांनीच पाडला. आईची सामायिक पुन्हा बैठकीच्या खोलीत, दूरचित्रवाणीच्या आवाजात होऊ लागली. वडिलांना दम्याचा त्रास असल्याने ओलसर खोलीत बसणे त्यांना शक्य नव्हते. ज्या खोलीसाठी सारे घर एकत्र आले होते, तिच्याविषयी घरात कोणी बोलेनासे झाले.

ओल्या भिंतीचा प्रश्न जैन घराला केवळ आरोग्याचा किंवा शोभेचा नसतो. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात शेवाळ आणि बुरशीसारखा पनग यांची गणना साधारण वनस्पतिकायात, म्हणजे अनंतकायात, केलेली आहे. भिंतीवर हिरवट-काळसर थर एकदा धरला की श्रावकाची कोंडी होते. तो खरवडावा तर अनंत जीवांची विराधना होते, आणि ठेवावा तर घरातील माणसांच्या फुप्फुसांना अपाय होतो. चातुर्मासात साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिर राहतात ते याच जीवोत्पत्तीच्या कारणाने. मग ज्या चार महिन्यांत पाऊलही जपून टाकायचे, त्याच महिन्यांत ओल्या भिंती खरवडण्याची वेळ स्वतःवर का आणावी? श्वेतांबर परंपरेत ज्याला जयणा म्हणतात आणि दिगंबर परंपरेत यत्नाचार, त्याचा अर्थ हिंसा घडू लागल्यावर हळहळणे असा नाही. ती घडण्याचा प्रसंगच येऊ नये अशी आधीपासून दक्षता घेणे, असा आहे. छपराच्या बाबतीत ही दक्षता म्हणजे कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या कोरड्या महिन्यांत, जीवोत्पत्ती अल्प असताना, छिद्र शोधून बुजविणे.

चौथ्या वर्षी त्या घराने तेच केले. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, आणि शोध सुरू झाला.

गळतीचा पहिला नियम असा की थेंब जेथे पडतो तेथे छिद्र क्वचितच असते. पाणी पत्र्याच्या खालच्या बाजूने, लोखंडी आडव्या पट्टीवरून किंवा तारेच्या नळीवरून दूरवर सरकते आणि अडथळा आला की खाली उतरते. म्हणून शोध थेंबापासून उताराच्या वरच्या दिशेने घ्यावा लागतो. त्याआधी एक शंका दूर करावी. थेंब कोरड्या हिवाळी पहाटे पडत असतील, तर ती गळती नसून घरातील वाफ थंड पत्र्याला लागून झालेले पाणी असू शकते. त्यावर उपाय वेगळा आहे. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा आणि हवा खेळती ठेवावी.

चाचणीसाठी साधारणपणे नळी लावून छप्पर धुऊन काढतात. त्यात पाणी फार जाते आणि कळत काहीच नाही, कारण सगळीकडे एकदम पाणी पडल्यावर ते कोठून शिरले हे सांगता येत नाही. अप्कायाची विराधना कमी व्हावी म्हणून त्या घरातील सुनेने बागेची झारी घेतली, आणि तीच पद्धत अधिक शास्त्रशुद्ध ठरली. प्रथम सर्वांत खालची कड ओली करून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. आतून कोणी दिवा घेऊन पाहायचे. मग एक हात वर सरकायचे. असे करत करत शेवटी भिंतीच्या सांध्यापर्यंत आणि त्याच्याही वर, मूळ घराच्या भिंतीतील भेगांपर्यंत जायचे. पन्हळीतून आलेले पाणी बादलीत धरून झाडांना घातले. जेथे पाणी आत दिसले तेथे खडूने खूण केली. तासाभरात खडूच्या सात खुणा झाल्या, आणि त्या सातही खुणांची कारणे मिळून चारच निघाली.

पहिले कारण उताराचे. स्क्रूने बसविलेल्या खोबणीच्या पत्र्याला साधारणपणे पाच अंशांचा तरी उतार हवा. तीन मीटर खोलीला याचा अर्थ वरची आणि खालची कड यांत सव्वीस सेंटिमीटरचा फरक. मंजूर नकाशात तीस सेंटिमीटर दाखविले होते. प्रत्यक्षात मोजले तर जेमतेम दहा भरले, म्हणजे दोनच अंश. इतक्या कमी उतारावर पाणी वाहत नाही, रेंगाळते. आणि रेंगाळलेले पाणी दोन पत्र्यांच्या फटीत केशाकर्षणाने वर चढते. कंदिलाची वात तेल वर ओढते तसेच हे. त्यात वाऱ्याचा जोर मिळाला की उताराच्या उलटही पाणी जाते.

दुसरे कारण जोडांचे. तीन मीटरचा एकच अखंड पत्रा मिळत असताना दोन तुकडे जोडले होते, आणि आडव्या जोडात पत्र्यावर पत्रा पंधरा सेंटिमीटर तरी चढायला हवा तेथे तो आठच सेंटिमीटर चढला होता. मध्ये ब्यूटाइलची चिकटपट्टी नव्हती. उभ्या जोडांची उघडी कड पश्चिमेला होती. पुण्यात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो; कड त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवली असती तर वाऱ्याने पाणी जोडावरून पुढे सरकले असते. येथे ते थेट फटीत ढकलले जात होते.

तिसरे कारण स्क्रूंचे. ते पाणी वाहण्याच्या खोलगट पट्टीत होते. कित्येक तिरके होते, कित्येक इतके आवळले होते की खालचा रबरी वायसर चिरडून बाहेर आला होता. भोके पाडताना उडालेला लोखंडी भुसा कोणी झाडलेला नव्हता. तो गंजून त्याच्याभोवती रंग सुटला होता.

चौथे कारण भिंतीच्या सांध्याचे. पत्रा भिंतीला टेकवून वरून सिमेंटचा वाटा मारला होता. पोलाद उन्हात वाढते आणि रात्री आकसते. पाच मीटर लांबीत चाळीस अंशांच्या फरकाने अडीच मिलिमीटरच्या आसपास. सिमेंट तेवढे ताणत नाही, ते फाटते. पहिल्याच उन्हाळ्यात तेथे केसाएवढी भेग गेली असणार, आणि केसाएवढी भेग पाण्याला पुरते.

खुणा पाहण्यासाठी ठेकेदाराला बोलावले तेव्हा मुले कागद, छायाचित्रे आणि संताप घेऊन तयार होती. आईने त्यांना आत पाठविले आणि म्हणाली, “दादा, भांडायला नाही बोलावले. एकदा वर चढून शांतपणे बघा, आणि जे आहे ते सांगा.” तो वर गेला, बराच वेळ फिरला आणि खाली येऊन वडिलांसमोर बसला. “काका, जोड आणि स्क्रू ही माझी चूक. पोरांवर काम टाकले आणि मी दुसऱ्या साइटवर गेलो. पण उतार मी नाही खाल्ला. बाहेरची भिंत दोन थर वाढवा, दारावर माळा काढायचा आहे, असे तुम्हीच सांगितले होते.” वडिलांना ते आठवले. जुन्या पेट्या आणि भांडी ठेवायला माळा हवा होता. दोन थर विटांनी बाहेरची कड वीस सेंटिमीटर वर गेली, आणि तीसचे दहा झाले. घरात फार वेळ कोणी बोलले नाही. वर्षानुवर्षे न लागणाऱ्या वस्तू ठेवण्यासाठी घराने आपला उतार दिला होता.

दराचा विषयही निघाला. तीन ठेकेदारांपैकी सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम दिले होते, आणि त्यालाही शेवटी आणखी कमी करायला लावले होते. कमी झालेले पैसे हवेत विरत नाहीत. ते पत्र्याच्या जाडीतून, जोडाच्या लांबीतून आणि वायसरच्या रबरातून वसूल होतात. अचौर्य अणुव्रताचे अतिचार तत्त्वार्थसूत्रात पाच सांगितले आहेत. त्यांत कमी-अधिक मापाने देणे-घेणे आहे, अस्सल मालात नकली माल मिसळणे आहे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघनही आहे. बांधकामाचा व्यवसाय करणाऱ्या श्रावकाने ही यादी आपल्या कार्यालयात लावावी अशीच आहे. पण ती घर बांधून घेणाऱ्यालाही लागू पडते. साहित्याच्याही किमतीत न बसणारा दर मान्य करायला लावणे म्हणजे समोरच्याला कमी मापाने देण्यास भाग पाडणे होय. आणि मंजुरीवाचून मोकळ्या जागेत खोली काढणे हे राज्याच्या नियमांचे उल्लंघन आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे अशा बांधकामाला परवानगी लागते. ती नसेल तर चांगले छप्परही पाडले जाऊ शकते, आणि ठेकेदाराशी वाद झाला तर मालकाची बाजू लंगडी पडते.

क्षमा आणि हक्क यांचा येथे अनेकांच्या मनात गोंधळ होतो. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले, आता तक्रार कशी करावी, असे काहींना वाटते. क्षमेने वैर संपते. झालेल्या चुकीची दुरुस्ती तिने माफ होत नाही. ज्याने चूक केली त्याला ती सुधारण्याची संधी देणे, हीही त्याच्यावरची करुणाच आहे. म्हणून कायदा ठाऊक असावा. विकसकाकडून घेतलेल्या घरात बांधकामाचा दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, विकसकावर टाकली आहे. मालकाने स्वतः ठेकेदार नेमून केलेल्या वाढीव कामाला हे कलम लागत नाही. तेथे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार आहे, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तीन पावसाळे सिलिकॉन भरण्यात घालविणाऱ्याच्या हातून ही मुदतही गळून जाते. या घराची ती गेलीच होती. उरला होता तो केवळ संवाद, आणि तो आईने राखला होता.

तडजोड अशी झाली की साहित्य घराने आणायचे आणि मजुरी ठेकेदाराने घालायची. या वेळी सारे कागदावर लिहिले गेले. पत्र्याची जाडी, जोडाची लांबी, स्क्रूचा प्रकार, सांध्याची रीत, आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर. असा कागद अविश्वासाचा नसतो. दोन माणसांची स्मृती दोन दिशांना जाऊ नये म्हणून तो असतो.

काम सुरू करण्याआधी वळचण तपासली. एका कोपऱ्यात चिमणीचे घरटे होते; ते रिकामे असल्याची खात्री झाल्यावरच पत्रा काढला. पिले असती तर काम पंधरवडाभर पुढे ढकलता आले असते, कारण माघ महिना होता आणि घाई नव्हती. लवकर सुरुवात केली की करुणेला सवड मिळते. मजुरांना दोरीचा पट्टा दिला, पाय आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या रेषेवरच ठेवायला सांगितले, आणि उन्हे तापण्याआधी, सकाळीच काम केले. छपरावरून पडून माणसे जखमी होतात आणि जिवालाही मुकतात. किड्या-मुंगीला जपणाऱ्या घराने मजुराला विसरणे हा मोठाच विरोधाभास ठरेल. जुने छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर आणखी दक्षता हवी. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते फोडू किंवा घासू नये; त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

बाहेरच्या भिंतीचे वाढविलेले दोन थर उतरविले. दाराची उंची थोडी घटली आणि माळा गेला. लोखंडी पट्ट्या नव्या उतारावर बसल्या. जुन्या पत्र्यांना भोके पडलेली असल्याने ते पुन्हा वापरले नाहीत. वरपासून खालपर्यंत एकसंध नवे पत्रे घेतले, त्यामुळे आडवा जोडच उरला नाही. उभे जोड पश्चिमेकडून फिरवून पूर्वेला केले, त्यांत ब्यूटाइल पट्टी घातली. स्क्रू उंचवट्यांवर आले, वायसर नुसता दबेल इतकेच आवळले गेले, आणि संध्याकाळी मऊ झाडूने सारा लोखंडी भुसा काढला. मूळ भिंतीत पत्र्यापासून पंधरा सेंटिमीटर वर, अडीच सेंटिमीटर खोल खाच घेतली. तीत वाकविलेल्या पत्र्याची झालर बसविली, खाच पॉलियुरेथेन सीलंटने भरली. झालरीची खालची कड पत्र्यावर मोकळी राहिली, त्यामुळे पत्रा वाढला-आकसला तरी सांधा फाटणार नाही. शेवटी पन्हळीला निकासाकडे उतार दिला, निकासाच्या तोंडावर जाळी लावली, आणि पाणी शेजाऱ्याच्या आवारात न पडता स्वतःच्या अंगणातील पाझरखड्ड्यात जाईल अशी नळी जोडली.

यानंतर मग उपसा. पीओपीचे छत काढले. भिंती चैत्र-वैशाखाच्या उन्हात पूर्ण सुकू दिल्या. ओल आपोआप गेली आणि कोरड्या झालेल्या भिंतीवरचा थर हाताच्या स्पर्शाने सुटून आला. रंग सर्वांत शेवटी लागला. आधी संवर, मग निर्जरा. तीन वर्षे हाच क्रम उलटा चालला होता.

ज्यांच्या घरी यंदा छप्पर गळते आहे आणि पाऊस सुरूही झाला आहे, त्यांनी या दिवसांत कायमची दुरुस्ती करायला जाऊ नये. ओल्या पत्र्यावर सीलंट धरत नाही आणि ओल्या छपरावर माणूस चढविणे धोक्याचे. गळत्या भागातील वीज बंद करावी, उघडीप मिळताच ताडपत्री सांध्याच्या वरपर्यंत घेऊन घट्ट बांधावी, आणि थेंब कोठे, कोणत्या वाऱ्यात, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने पडतो, हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. पावसाळा हा दुरुस्तीचा काळ नसला तरी निरीक्षणाचा उत्तम काळ आहे. वहीतील या नोंदी दिवाळीनंतर अर्धे काम करून टाकतात.

आणि ज्यांचे छप्पर गळत नाही त्यांच्यासाठी माळवदाचा जुना धडा आहे. वर्षातून दोनदा वर पाहावे. एकदा अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, वळवाच्या वाऱ्याने स्क्रू सैल केले का, पन्हळीत पाने साचली का, हे पाहण्यासाठी. आणि एकदा कार्तिकी पौर्णिमेनंतर, सरलेल्या पावसाने काय बिघडविले ते तपासण्यासाठी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. प्रतिक्रमणात आपण दिवसाच्या, पक्षाच्या आणि वर्षाच्या दोषांचा आढावा घेतो. घराच्या छपरालाही तेवढा आढावा पुरतो.

त्या घरात आषाढाचा पहिला मोठा पाऊस रात्री आला. सगळे न बोलावता मागच्या खोलीत जमले आणि वर पाहत उभे राहिले. पत्र्यावर सरी वाजत होत्या, पन्हळीतून पाणी खळखळत खड्ड्यात जात होते. धाकट्याने बादली आणली होती. ती कोरडीच राहिली. वडिलांनी ठेकेदाराला फोन लावला आणि म्हणाले, “अहो, हप्ता घेऊन जा उद्या.” दुसऱ्या दिवशी पहाटे आईने त्याच कोपऱ्यात आसन अंथरले.